चंदेरी कॅसेट कुणाची?

३ ऑक्टोबर, मंगळवार

गाद्यांचं कपाट आवरायला काढलं आणि अर्ध्यावर सोडलं. हिवाळी रजयांच्या मागे तांदळाच्या बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा निघाला, वर सुतळी बांधलेली. वाटलं, आईनं पैसे लपवलेत! उघडला तर आत कापूस, आणि कापसात व्हिडिओ गेमची कॅसेट. लहानपणी आम्ही टीव्हीला जोडून खेळायचो त्या यंत्राची. पण ही चंदेरी, तोंड दिसेल इतकी चकचकीत. पुढे उडत्या माशाचं चित्र. मागे मार्करनं काहीतरी लिहिलेलं. चष्मा जवळ नव्हता, वाचलं नाही. तेव्हा सगळीच पोरं कॅसेटवर नाव घालत, नाहीतर उसनी गेलेली परत यायची नाही. म्हणजे कात्सुयाची असणार. धाकटा भाऊ, त्याचं लहानपणीचं सगळं आईनं असंच जपून ठेवलंय.

जेवणाच्या टेबलावर ठेवली. आई केस कापायला गेली होती.

आमच्या कॉफीच्या दुकानाला, मिमोझाला, आज सुट्टी. सुट्टी कपाटात गेली.

४ ऑक्टोबर

मालक बोलले शेवटी. दुपारी गिऱ्हाईक नव्हतं, कप पुसता पुसता म्हणाले, "सावाको, नोव्हेंबर संपला की मी दुकान बंद करतो. मला घाई नाही, माझ्या गुडघ्यांना आहे."

कुवाबारा मालक एकोणऐंशीचे. कधीतरी हे होणार हे माहीत होतंच. पण पुढे म्हणाले, "गाड्या उभ्या करायची जागा करणारे मागे लागलेत. पाडून सपाट करतील. तू घेत असशील तर त्यांना नाही म्हणतो. यंत्रं, खुर्च्या, कप, नाव, सगळं तुझं." रक्कम सांगितली. जास्त मागितली नाही, एवढं मलाही कळतं. पण माझ्याकडे त्याच्या पावपटही नाही.

अकरा वर्षं मिमोझात कॉफी गाळतेय, अंड्याची सँडविचं करतेय. घटस्फोट घेऊन अमागासाकीला परत आले तेव्हा तोंड दाखवायची लाज वाटत होती. त्या काउंटरमागे उभी राहिले म्हणून उभी राहिले. तिथे आता मोटारी उभ्या राहणार? मला ते बघवणार नाही. मला मिमोझा हवंय. कागदावर लिहिलं, बरं वाटलं.

आईला सांगितलं. ती मुळ्याचं लोणचं चिरत होती. "हं," म्हणाली.

५ ऑक्टोबर

सकाळी कात्सुयाला कॅसेटचा फोटो पाठवला, टाकू की ठेवू म्हणून. हा नागोयाचा साहेब एरवी नववर्षालासुद्धा फोन करत नाही. आज मिनिटात केला.

"ताई, ही कुठे मिळाली तुला?"

"कपाटात. तुझीच ना?"

"माझी असती तर अख्ख्या शाळेत मिरवली असती. माझी निळी होती, दुकानात मिळायची ती. मी त्यातल्या दुसऱ्या समुद्रातच, म्हणजे दुसऱ्या टप्प्यातच, मरायचो." मग एकदम हळू आवाजात, कुणी ऐकेल अशा भीतीनं, "ही सत्त्याऐंशीच्या उन्हाळी स्पर्धेतली आहे. बक्षिसाची. एका विभागात एकच, पहिल्या आलेल्याला. खरी असेल तर तू मिमोझा घेशील आणि वर नवं छपरही घालशील."

मी खुर्चीवर बसले.

"पण नकली फार असतात. साध्या कॅसेटला चंदेरी मुलामा देऊन विकतात. मागे नाव आहे का बघ. पहिल्या आलेल्याचं नाव तिथल्या तिथे लिहून देत. ते असेल तर जिवापाड जप. पुसू नकोस, उघडू नकोस."

फोन कानाला लावूनच कॅसेट उलटी केली. मागची बाजू धुतलेल्या बशीसारखी स्वच्छ.

"आई, ह्याच्यावर काही लिहिलेलं होतं ना?"

"होतं. पुसलं. नखांचा रंग काढायच्या औषधानं. घाण दिसत होतं."

मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. आईचं हे जुनंच आहे! शेजारची वाडगी परत करायची तर घासून, पुसून, वर दोन पर्सिमनची फळं घालून. दुरुस्तीला द्यायचा पंखासुद्धा आधी पुसायचा, दुरुस्तीवाल्याला आपली धूळ का दाखवायची? "दुसऱ्याच्या घरी जाणारी वस्तू स्वच्छ करून द्यावी," ती म्हणाली, "एवढंही शिकवलं नाही का मी तुला?"

"दुसऱ्याच्या घरी जाणार हे तुला सांगितलं कुणी?"

ह्यावर ती तांदूळ भिजवायला उठली.

७ ऑक्टोबर

आईशी अबोला. ती बोलतच नसल्यामुळे तिला कळलाय की नाही कोण जाणे.

१० ऑक्टोबर, मंगळवार

ओसाकाला जाऊन आले. निप्पोनबाशीत जुन्या गेमची दुकानं रांगेनं आहेत. कात्सुयानं सांगितलं ते दुसऱ्या मजल्यावरचं, त्सुकुदा म्हणून आहेत त्यांचं. पन्नाशीचा माणूस, गळ्यात भिंग. बोलताना आपल्याकडे बघत नाही, वस्तूकडेच बघतो. मी कापसातून कॅसेट काढली तर हातातली डब्यातली कॉफी लांब ठेवली आणि जाऊन हात धुऊन आला. 

आधी वास घेतला. "रंगाचा वास लवकर जात नाही, ताई. हिला नाही." मग दोन अर्धे जुळतात ती फट भिंगातून बघितली. "नंतर मुलामा दिला असता तर इथे साठला असता. साफ आहे." मग खालचे पितळी दात, जे यंत्रात बसतात. तिथे तो हसला. "मजा आहे. बक्षीस मिळालं की लोक कपाटात ठेवतात. ही कुणीतरी झिजेपर्यंत खेळलंय."

मग उलटी केली, आणि हसू गेलं.

"हे कुणी केलं?"

"आईनं. पुसली."

"तुमच्या आईनं नव्वद टक्के किंमत पुसली, ताई." चिडून नाही, हळहळून म्हणाला. साध्या कॅसेटवर नाव असलं तर भाव पडतो, बक्षिसाच्या कॅसेटवर असलं तर चढतो. कारण नकली करणारा नाव घालत नाही; नाव घातलं की तो माणूस शोधता येतो. आता आहे तशी? तीस हजार येन, तेही त्याचं मन मोठं म्हणून.

माझा चेहरा बघून असेल, त्यानं दिवे घालवले आणि जांभळ्या उजेडाची बॅटरी आणली. कॅसेटवर तिरकी धरली. "मार्कर पुसला तरी ठसा राहतो कधीकधी. या, बघा."

पांढरट, पुसट, लहान मुलांना वाचता येतील अशा साध्या अक्षरांत: हि-रा-ओ-का. पुढचं घासून गेलेलं.

"हिराओका. ओळखीचं आहे?"

आहे की. माझ्या आजोळचं आडनाव आहे ते.

त्सुकुदा म्हणाला, "मग काम सोपं आहे. हिराओकांना घेऊन या. आणि एक, मला ही उघडावी लागेल. आत खरी सर्किटची पट्टी आहे का ते बघितल्याशिवाय कुणी हात लावणार नाही. स्क्रू नसतात हिला, आतून प्लास्टिकचे आकडे अडकवलेले असतात. ते तुटले तर भाव निम्मा. विचार करून सांगा."

येताना गाडीत मिमोझाचा नवा फळा मनात लिहून काढला. जाड टोस्ट, अंड्याचं सँडविच, हिवाळ्यात चेस्टनटचं काहीतरी. पडदे पिवळे. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग! पण कुणाला कळतंय.

११ ऑक्टोबर

हिराओका म्हणजे मामा. दुसरं कोण? हिमेजीला फोन केला. मामा इतका हसला की खोकला लागला.

"मला ते बटण कुठलं दाबायचं तेही कळत नाही गं. तुमच्याकडे आलो की कात्सुया मला हरवून हरवून कंटाळायचा."

"मग कोण, मामा? हिराओका नावाचं दुसरं कोण आहे?"

"आमच्या घरात बोटं चालायची ती एकाच माणसाची. पहिल्या फटक्यात सुई ओवायची. तिलाच विचार की."

फोन ठेवला आणि खिडकीतून बघितलं. आई बाहेर वाळत घातलेले मोजे काढत होती. चौऱ्याहत्तर वर्षांची, चार फूट दहा इंच, गुडघ्यापर्यंत एप्रन. मला खरं वाटेना.

१५ ऑक्टोबर, रविवार

चार दिवस धीर होत नव्हता. आज जेवताना विचारलं. "आई, ती कॅसेट तुझी आहे?"

आईनं चॉपस्टिक्स नीट जुळवून खाली ठेवल्या. "हो."

आणि मग बोलायला लागली. आयुष्यात इतकं एकदम बोलली नसेल. तिच्याच शब्दांत, आठवेल तसं लिहिते.

"कात्सुया रोज त्या दुसऱ्या समुद्रात मरायचा आणि रडायचा. म्हटलं, आपण शिकून त्याला पार करून द्यावा. तुम्ही शाळेत गेलात, भांडी-कपडे झाले की बसायचे. पार झाला. मग तिसरा आला. मग मला उठवेना. यंत्र तापायचं. तुम्ही यायच्या आत घट्ट पिळलेला पंचा ठेवायचे त्याच्यावर."

तो पंचा मला आठवतो! मला वाटायचं धूळ पुसतेय.

"बाजारातल्या मोठ्या दुकानाच्या गच्चीवर स्पर्धा होती. मी नुसती बघायला गेले होते. कुणीही खेळा म्हणाले. सगळी पोरं, मी एकटी बाई, हातात भाजीची पिशवी. नाव विचारलं तर माहेरचं सांगितलं. तुझ्या बाबांच्या कारखान्यात कळलं असतं तर लोकांनी त्यांना फाडून खाल्लं असतं, मुकादमाची बायको पोरांचे खेळ खेळते म्हणून. शेवटी तिसरीतला एक मुलगा राहिला. मी जिंकले. तो आईच्या कुशीत तोंड घालून रडला, आणि त्याची आई माझ्याकडे बघत होती. जीव नकोसा झाला मला."

"आणि तरी घेतलंस बक्षीस?"

"घेतलं," आई म्हणाली. "कर्ण्यावरून नाव पुकारलं ना. हिराओका तोकिए. लग्नानंतर ते नाव कुणी घेतलं नव्हतं. घर तुझ्या बाबांच्या नावावर, पासबुक बाबांच्या, दारावरची पाटी बाबांची. हे एक माझं होतं." मग म्हणाली, "पिशवीत कांद्याच्या पातीखाली घालून आणली. तुम्ही शाळेत गेलात की खेळायचे. बाबा रात्रपाळीला लागले, दुपारी घरी झोपायला लागले, मग बंद झालं."

"मग पुसलंस कशाला?"

"तू ती टेबलावर ठेवलीस, नाव वर करून. सकाळी चष्मा लावून वाचलं असतंस. लाज वाटली. छत्तीस वर्षं झाली तरी वाटली."

मला रडू आलं. तिला नाही. तिनं वाडगी उचलली आणि घासायला घेतली. मी तिला पुसण्यावरून काय काय बोलले होते ते सगळं आठवत बसले.

१७ ऑक्टोबर, मंगळवार

आईला घेऊन निप्पोनबाशीला. तिनं चांगला राखी कोट घातला, ओठांना रंग लावला.

त्सुकुदा म्हणाला, "या आजी. हिराओका तुमचे कोण?"

"आजी कुणाची?" आई म्हणाली. "हिराओका मी."

त्यानं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. त्यानं परत हात धुतले!

उघडायचं की नाही ह्यावर मी चार रात्री तळमळले होते. आईनं क्षणभरही घेतला नाही. "उघडा. आत काय आहे ते बघायचं तर उघडावंच लागतं." त्यानं पातळ प्लास्टिकची पट्टी फटीत सरकवली. टक. एक आकडा सुटला. टक. दुसरा. मी डोळे मिटले. आई मात्र त्याच्या हाताखाली डोकं घालून बघत होती, "डावीकडून घ्या, तिकडून सैल आहे" असं सांगत होती. सगळे आकडे शाबूत सुटले. आत हिरवी पट्टी, हातानं जोडलेली, तिच्यावर लहानसा कागदी शिक्का. त्सुकुदानं इतका मोठा श्वास सोडला की भिंगावर वाफ धरली.

"वस्तू खरी आहे," म्हणाला. "आता माणूस. माफ करा, काकू, पण घेणारा मला विचारणार, ह्या कशावरून त्याच हिराओका?"

"काय विचारायचं ते मला विचारा ना."

तो जरा घुटमळला. मग म्हणाला, बक्षिसाच्या कॅसेटमधले समुद्र दुकानातल्या निळ्या कॅसेटसारखे नाहीत, स्पर्धेसाठी वेगळे केलेले. जिंकलेल्यांखेरीज फारसं कुणी ते खेळलेलं नाही. त्यालाच नीट ठाऊक नाहीत.

"लावा मग," आई म्हणाली. कोट काढून माझ्या हातात दिला.

पहिल्यांदा बोटं अडखळली. मासा लगेच मेला. मागे कॅसेटी चाळणारी दोन-तीन माणसं जवळ आली आणि नम्रपणे दुसरीकडे बघायला लागली. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. आईनं हात झटकले, फुंकर घातली, परत सुरू केलं. आणि ह्या वेळी... कसं लिहू? ती खेळत नव्हती, ओळखीच्या गल्लीतून भाजी घेत चालली होती. इथे वळ, इथे थांब, ह्याला नमस्कार, त्याला बगल. पहिला समुद्र. दुसरा. कात्सुया, बघायला हवा होतास रे! तिसऱ्यात समोरून लाटेसारखी भिंत आली, आणि आईनं दोन्ही अंगठे उचलले. काहीच दाबलं नाही.

"बुडतोय, काकू, बुडतोय!" कुणीतरी ओरडलं.

"बुडू दे," आई म्हणाली. मासा तळाला गेला, तळाशी फट होती, पलीकडे निघाला. 

त्सुकुदा हळूच म्हणाला, "तिथे थांबायचं असतं हे मला तीस वर्षं माहीत नव्हतं." मग आईपुढे कंबरेत वाकला. मागची माणसंही वाकली. आईनं सगळ्यांना वाकून परत नमस्कार केला, आणि माझ्याकडून कोट घेतला. गाल लाल झाले होते. इतकी सुंदर दिसत होती.

त्यानं किंमत सांगितली. कोबेचे एक गृहस्थ घेतील म्हणाला, पण हिराओकाबाईंना भेटायची त्यांची अट असेल. मिमोझा, छप्पर, पिवळे पडदे, सगळं बसून वर उरेल एवढी. मी काही बोलायच्या आत आई म्हणाली, "विचार करून सांगते."

१८ ऑक्टोबर

सकाळी मी पिवळ्या पडद्यांचं बोलले. आईनं सूप ढवळता ढवळता विचारलं, "कॅसेट माझी ना?"

"हो. तुझीच."

"मग माझं मी ठरवीन."

बरोबर आहे. अगदी बरोबर आहे. पण लागलं मला. मी ती आपली धरूनच चालले होते. बाजारात तुरी म्हणतात ते हेच.

२९ ऑक्टोबर

विचारायचं नाही असं ठरवलंय. तिची वस्तू, तिचा मान. मालकांनाही खोटी आशा दाखवायची नाही. तरी आज गल्ला बंद करताना खिडकीचं माप घेतलंच.

७ नोव्हेंबर, मंगळवार

बाजारातून आले तर बाहेरच्या खोलीत टुंई-टुंई. आई जमिनीवर बसून खेळत होती! कात्सुयाचं जुनं यंत्र कुठूनतरी काढलेलं. आत निळी कॅसेट, साधी.

"ही कुठली?"

"त्सुकुदाच्या दुकानात टोपलीत होती. एका जेवणाच्या पैशांत."

"आणि चंदेरी?"

"विकली. काल." डोळे पडद्यावरच. "ते कोबेचे गृहस्थ चांगले आहेत. काचेच्या पेटीत ठेवणार आहेत. मला काय करायची काचेची पेटी? मला खेळायला निळी पुरते."

तिला जे हवं ते तिनं ठेवलं आणि बाकीचं विकलं. मला हे सुचलं नसतं. पोटातून आनंद झाला तिच्यासाठी. पण पैशांबद्दल ती अवाक्षर बोलली नाही, आणि मी यंत्राची वायर सरळ करत बसले.

१४ नोव्हेंबर

आई राखी कोट घालून सारखी बाहेर जाते. कुठे विचारलं तर "काम आहे." काल बँकेचं पाकीट दिसलं. कात्सुया म्हणतो, म्हातारपणी मौज करू दे तिला, जहाजानं फिरून येऊ दे. करू दे की. मी कुठे नाही म्हणते?

जहाज अमागासाकीवरून जाणार आहे का?

१९ नोव्हेंबर, रविवार

लाज गुंडाळून विचारलं. मिमोझा हातचं जाईल आणि मी मात्र मानापमान कुरवाळत बसेन, हे मला पटेना. "आई, मला मिमोझासाठी पैसे उसने दे. दरमहा फेडीन."

"नाही," आई म्हणाली. "मी उसने देत नाही कुणाला. तुझ्या बाबांनासुद्धा दिले नाहीत."

मी रागावले नाही, ह्याचंच मला नवल वाटलं. निदान विचारलं तरी. उद्यापासून दुसरीकडे काम बघायला हवं. स्टेशनमागच्या बेकरीत बाई हवी अशी पाटी बघितलीय. सेहेचाळीस म्हणजे काही सगळं संपलं नाही. आईनं तर चौऱ्याहत्तराव्या वर्षी दुकानभर माणसांना वाकायला लावलं.

२२ नोव्हेंबर

मालकांनी आज बोलावून घेतलं. "सावाको, जागा दिली मी."

मी म्हटलं, "बरं झालं." 

"पाडणार नाहीत. कॉफीचंच दुकान राहणार. गाडीवाल्यांना काल 'नाही' असं कळवलं." मला इतकं हायसं वाटलं! मिमोझा राहणार! माझं नसलं तरी राहणार.

"आणि मी?"

"ते नवे मालक ठरवतील. उद्या सकाळी येणार आहेत. काच पूस, कप लाव. फार चोखंदळ आहेत, आधीच सांगून ठेवतो." आणि म्हातारा कपाकडे बघून हसत होता. वाईट वाटलं मला त्याचं.

२३ नोव्हेंबर

दाराची घंटी वाजली. राखी कोट, ओठांना रंग. काउंटरच्या मधल्या खुर्चीवर चढून बसली, पाय जमिनीला टेकत नव्हते. "उसने द्यायचे नव्हते मला," म्हणाली. "एकदा काहीतरी माझ्या नावावर घ्यायचं होतं. तू राहशील का माझ्याकडे कामाला?"

मी मानेनंच हो म्हटलं. मालकांनी सँडविच पुढे ठेवलं. आईनं चावून चावून खाल्लं. म्हणाली, मीठ जास्त आहे, अकरा वर्षं सांगायचं होतं. मी पगाराचं विचारलं, तर आधी आठवडाभर काम बघते म्हणते.